सुट्या साठवणीची ओळख

पुण्याहून मनमाडच्या बाजूला जाणारी गाडी दौंड जंक्शनांत शिरली म्हणजे तेथें पुष्कळ वर्षें एक ठरलेला प्रकार होत असे. पुढचें इंजिन सुटे, गाडीच्या दुसऱ्या टोंकाला जाई आणि तेथें जोडलें जाई. मग गाडी ज्या अंगानें आली त्याच अंगानें बाहेर पडून उत्तरेकडे वळे. फलाटावर चहासाठीं उतरलेला नवखा प्रवासी येथें हमखास गोंधळे. ‘इंजिनापासून तिसरा डबा’ एवढीच खूण त्यानें मनांत धरलेली असे, आणि इंजिन तर आतां दुसऱ्याच टोंकाला! त्याचा तिसरा डबा आतां शेवटून तिसरा झालेला. जाणता प्रवासी मात्र डब्यावर रंगविलेला अंक पाहून ठेवी. गाडी कोणत्याहि तोंडानें निघो, तो अंक बदलत नसे. अलीकडे दौंडचा हा फेरा टाळणारा कॉर्ड मार्ग झाल्यामुळें कित्येक गाड्यांचा खोळंबा वांचला आहे. परंतु त्या फलाटावर मिळणारा धडा जुना झालेला नाहीं. घरोघर आलेल्या संगणकाच्या बाबतींत तोच धडा आज पुन्हां गिरवावा लागतो.

संगणकाची साठवण दोन जातींची असते. एक त्याच्या पोटांत कायमची बसविलेली. दुसरी सुटी, म्हणजे आज या यंत्राला जोडावयाची आणि उद्यां खिशांत घालून दुसऱ्या गांवीं न्यावयाची. पेनड्राइव्ह, कॅमेऱ्यांतील मेमरी कार्ड, बाहेरून लावावयाची हार्डडिस्क, जुनी फ्लॉपी, सीडी या सर्व वस्तू दुसऱ्या जातीच्या. लिनक्स नांवाच्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाला अशी साठवण लावली म्हणजे तीन प्रश्न उभे राहतात : ही साठवण कोणती, ती कोठें चढवावयाची आणि केव्हां उतरवावयाची. शिरूर तालुक्यांतील पाबळची कार्यशाळा असो कीं मुंबईची मोठी संशोधनसंस्था असो, प्रश्न हेच. त्यांचीं उत्तरें कोणी एकानें एका दिवशीं दिलेलीं नाहींत; साठ-सत्तर वर्षांत तीं थोडींथोडीं तयार होत आलीं.

चढविण्याच्या या क्रियेला संगणकाच्या परिभाषेंत ‘माउंट’ करणें म्हणतात. आज हा शब्द केवळ एका आज्ञेचा आहे. प्रथम तो अंगमेहनतीचा होता. १९५० नंतरच्या दशकांत माहिती चुंबकीय फितींवर राही. यंत्राला एकादी फीत हवी झाली म्हणजे चालक कपाटांतून तिचें रीळ काढी, त्यावरील चिठ्ठी वाची आणि तें रीळ खरोखरच यंत्राच्या खुंटीवर चढवी. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें फिरत्या चकत्यांची पहिली साठवण विक्रीस काढली. तींत चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सर्व मिळून ५० लाख अक्षरें मावत. परंतु त्या चकत्या बाहेर काढतां येत नसत. १९६२ सालीं त्याच कंपनीनें १३११ क्रमांकाचें यंत्र आणलें. त्यांतील सहा चकत्यांची चवड उचलून काढावी आणि तिच्या जागीं दुसरी ठेवावी अशी सोय होती. सुट्या चकतीचा जन्म तो हाच. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. तेथेंहि व्यवहार होता तो छिद्रपत्रांचा आणि फितींचा. अशा सर्व ठिकाणीं ओळखण्याचा भार मुख्यतः माणसाच्या डोळ्यांवर असे. भलतेंच रीळ चढविलें गेलें तर त्यावरील मजकूर पुसला जाण्याची भीति होती. म्हणून जपावयाच्या रिळाच्या मागची एक कडी काढून ठेवीत. ती कडी नसली म्हणजे यंत्राला त्या फितीवर लिहितांच येत नसे. एवढ्याशा कडीवर लोकांचें महिनोनमहिन्यांचें काम सुरक्षित राही.

पुढचें पाऊल पडलें तें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत. तेथें १९६९ सालीं केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स या प्रणालीचा आरंभ केला. तिच्या १९७१ सालच्या पहिल्याच माहितीपुस्तिकेंत चढविण्याची आज्ञा ‘माउंट’ आणि उतरविण्याची आज्ञा ‘यूमाउंट’ या दोन्ही आढळतात. ‘अनमाउंट’ या शब्दांतला एक ‘न’ तेव्हांच गळाला, तो अर्धें शतक उलटून गेलें तरी परत आलेला नाहीं. १९७४ च्या जुलैंत या दोघांनीं आपल्या प्रणालीविषयीं जो लेख प्रसिद्ध केला त्यांत सुट्या साठवणीसाठीं स्वतंत्र भाग आहे. त्यांची कल्पना अशी : प्रणालींतील सर्व फाइलींचें मिळून एकच झाड मानावयाचें. त्याचें मूळ नेहमीं ठरलेल्या एकाच चकतीवर असावयाचें. बाहेरून आणलेल्या चकतीवरहि एक लहानसें झाड असतेंच. मोठ्या झाडाच्या एका फांदीचें टोंक निवडावें आणि तेथें हें लहान झाड कलमाप्रमाणें बसवावें. कलम बसलें म्हणजे मूळची फांदी कोणती आणि आणलेली कोणती, हा भेद वापरणाऱ्याला जाणवत नाहीं. अट एकच : कलमावरच्या पानाचा मूळ झाडाशीं परस्पर दुवा बांधतां यावयाचा नाहीं. कारण उघड आहे. चकती उतरवून नेली म्हणजे असे दुवे निराधार लोंबकळत राहिले असते आणि त्यांचा हिशेब ठेवणें हें एक नवेंच काम होऊन बसलें असतें. जी वस्तु पाहुणी म्हणून येणार आणि जाणार, तिच्या जाण्याची तरतूद तिच्या येण्याच्या वेळींच करून ठेवावी, ही दूरदृष्टि त्या नियमांत आहे.

घरगुती संगणकांनीं मात्र निराळी वाट धरली. ‘डॉस’ या प्रणालींत प्रत्येक खाचेला एक अक्षर असे. ‘ए’ व ‘बी’ हीं फ्लॉपीसाठीं, ‘सी’ हें पोटांतल्या चकतीसाठीं. ही पद्धत शिकावयास सोपी खरी. पण अक्षर खाचेचें, आंतल्या वस्तूचें नव्हे. कालची हिशेबाची फ्लॉपी काढून आज खेळाची घातली तरी अक्षर तेंच राही. हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपण एक नवी प्रणाली तयार करीत असल्याचें जाहीर केलें, आणि सप्टेंबरांत तिची पहिली आवृत्ति बाहेर पडली. तीच लिनक्स. तिनें युनिक्सची झाडाची परंपरा उचलली. त्यामुळें लिनक्सवर फ्लॉपी वाचावयाची तर ती प्रथम आज्ञा देऊन चढवावी लागे आणि काढण्यापूर्वीं आज्ञा देऊनच उतरवावी लागे. डॉसची संवय जडलेल्यांना हा निष्कारण जाच वाटला तर त्यांत नवल नव्हतें.

यानंतर सुट्या साठवणीचें रूपच पालटलें. वीज गेली तरी लिहिलेलें टिकवून धरणारी फ्लॅश स्मृति तोशिबा कंपनीतील जपानी संशोधक फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं जगापुढें मांडली होती. १९९६ च्या जानेवारींत यूएसबी या जोडणीचें पहिलें मानक आलें. तें घडविणाऱ्यांत इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे प्रमुख होते. त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालेलें. या दोन गोष्टींच्या संयोगांतून २००० सालीं पेनड्राइव्ह बाजारांत आला. आरंभींच्या पेनड्राइव्हांत आठ मेगाबाइट माहिती मावे, म्हणजे साडेपांच फ्लॉप्यांचा ऐवज एका करंगळीएवढ्या काडींत आला. २००१ च्या जानेवारींत निघालेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तींत यूएसबीची सोय झाली, आणि ओळखीचा जुना प्रश्न नव्यानें उभा राहिला.

लिनक्सनें या काडीला मोठ्या यंत्रांवरील ‘स्कझी’ चकत्यांच्या पंक्तीस बसविलें. या पंक्तींतील नांवें ठरलेलीं आहेत : पहिली दिसेल ती ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’, तिसरी ‘एसडीसी’. चकतीचे आंत भाग पाडलेले असले तर त्यांना पुढें अंक मिळतो, जसें ‘एसडीबी१’. कांहीं वर्षांनीं पोटांतल्या हार्डडिस्कहि याच पंक्तींत येऊन बसल्या. या नांवांतील शेवटचें अक्षर वस्तूचें नाहीं, तें केवळ तिच्या येण्याच्या क्रमाचें आहे. आज जी ‘एसडीबी’ म्हणून ओळखली गेली ती उद्यां, आधीं दुसरी काडी लावलेली असली तर, ‘एसडीसी’ होते. इंजिनापासून तिसरा डबा म्हणावा तशीच ही खूण!

यांतील धोका किती मोठा आहे तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एकाद्या शाळेंतील शिक्षकाजवळ दोन काड्या आहेत. एकींत वर्षभराच्या गुणांचे तक्ते आहेत. दुसरी कोरी करून तिच्यावर लिनक्सची प्रत उतरवावयाची आहे. हें काम पुष्कळजण ‘डीडी’ नांवाच्या जुन्या आज्ञेनें करतात. ही आज्ञा सांगितलेल्या नांवाच्या साठवणीवर पहिल्या अक्षरापासून लिहूं लागते. तेथें कोणाचें काय आहे हें ती विचारीत नाहीं. काल ‘एसडीबी’ लिहिलें होतें म्हणून आजहि ‘एसडीबी’ लिहिलें, आणि आज त्या नांवानें गुणांची काडी बसलेली असली, तर वर्षाचें काम कांहीं क्षणांत नाहींसें होतें. येथें फितीच्या रिळासारखी काढून ठेवावयाची कडी बहुतेक काड्यांना नसते.

या अडचणीवर उपाय निघाला तो २००३ च्या सुमारास. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं त्या वेळीं ‘यूडेव्ह’ हें साधन लिहिलें. एकादें उपकरण जोडलें जातांच हें साधन त्याला त्याची स्वतःची माहिती विचारतें आणि क्रमाच्या नांवाबरोबरच त्याला कायमचीं नांवेंहि देतें. हीं नांवें तीन प्रकारचीं. एक, कारखान्यांत मिळालेल्या अनुक्रमांकावरून, दुसरें, मालकानें दिलेल्या चिठ्ठीवरून, म्हणजे ‘लेबल’वरून, आणि तिसरें, साठवण प्रथम तयार करतांना तिच्यावर कोरलेल्या लांबलचक अंकावरून. या शेवटच्या खुणेला ‘यूयूआयडी’ म्हणतात. लिनक्सच्या नेहमींच्या मांडणींत हा अंक बत्तीस चिन्हांचा असतो, व दोन साठवणींचे अंक योगायोगानें सारखे निघण्याचा संभव जवळजवळ नसतो. डब्यावर रंगविलेला अंक तो हाच. एका साठवणीची हुबेहूब नक्कल केली तर मात्र हा अंकहि नकलेबरोबर जातो. तेवढ्या जुळ्यांपासून सावध राहावें लागतें.

व्यवहारांत पाहावयाचें कसें, हेंहि सोपें आहे. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिली म्हणजे यंत्राला लागलेल्या सर्व साठवणींची यादी पडद्यावर येते. तींत नांव, आकार आणि ती कोठें चढविली आहे हें दिसतें. काडी लावण्यापूर्वीं एकदां आणि लावल्यावर एकदां यादी पाहिली तर जी ओळ नवी वाढली तीच नवी काडी. मग आकार जुळतो कीं नाहीं तें पाहावें; बत्तीस गिगाबाइटची काडी लावली आणि ओळींत पांचशें दिसले तर हात आवरावा. यादींत सुटेपणाचाहि एक रकाना असतो, व काडीपुढें तेथें बहुधा एकाचा अंक येतो. परंतु बाहेरून लावलेल्या मोठ्या हार्डडिस्क कित्येकदां तेथें शून्यच दाखवितात, म्हणून एकट्या त्या रकान्यावर विसंबूं नये. याच आज्ञेला ‘एफ’ हें अक्षर जोडलें तर लेबल व यूयूआयडी हींहि दिसतात. जी साठवण रोजच लावावयाची तिचें नांव यंत्राच्या कायमच्या नोंदींत लिहून ठेवतां येतें. तेथें क्रमाचें नांव न लिहितां यूयूआयडी लिहावा, आणि ती जागेवर नसली तरी यंत्रानें अडून बसूं नये अशी सूचनाहि द्यावी.

काडी ओळखली, पण ती वाचतां आली पाहिजे. येथें पुन्हां दौंडकडेच पाहावें. दौंडहून बारामतीला १९१४ सालीं जो फांटा निघाला तो अरुंद मापाचा होता. मोठ्या मार्गाचा डबा त्या रुळांवर चालत नसे. माल दौंडला उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. पुढें तो फांटा रुंद झाला आणि हें काम संपलें. साठवणीवर फाइली मांडण्याच्या पद्धतींचेंहि असेंच आहे. १९७७ च्या सुमारास जन्मलेली ‘फॅट’ ही पद्धत सर्व यंत्रांना वाचतां येते, पण तिच्या आजच्या प्रचलित रूपांत एका फाइलीला चार गिगाबाइटची मर्यादा आहे. १९९३ सालची ‘एनटीएफएस’ ही विंडोज घराण्याची. २००८ सालीं स्थिर झालेली ‘एक्स्ट४’ ही लिनक्सची स्वतःची. एनटीएफएसवर भरवशानें लिहितां येण्यास लिनक्सवाल्यांना २००७ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि प्रणालीच्या गाभ्यांत त्याची पूर्ण सोय झाली ती २०२१ सालीं. मोठ्या काड्यांवरील ‘एक्सफॅट’ पद्धतीचें वर्णन मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१९ सालीं खुलें केलें, आणि त्याच वर्षीं ती लिनक्सच्या गाभ्यांत आली. काडी लावली पण चढली नाहीं, असें झालें तर ती बिघडली असें एकदम समजूं नये. तिच्या रुळांचें माप निराळें आहे कीं काय, हें आधीं पाहावें.

राहिला तिसरा प्रश्न, उतरविण्याचा. डॉसवाल्यांना जो जाच वाटला त्याचें मर्म येथें आहे. काडीवर लिहिणें हें काम सावकाश चालतें. म्हणून यंत्र तो मजकूर प्रथम स्वतःच्या स्मृतींत ठेवून घेतें, काम झालें असें सांगतें, आणि प्रत्यक्ष लेखन मागाहून सवडीनें करतें. हा मधला काळ कित्येकदां अर्ध्या मिनिटाचा, तर मोठ्या फाइलीच्या वेळीं त्याहूनहि अधिक असतो. तेवढ्यांत काडी उपटली तर फाइलीचें नांव काडीवर गेलेलें असतें आणि मजकूर मागें राहिलेला असतो. ‘यूमाउंट’ ही आज्ञा, किंवा पडद्यावरील सोडण्याचें चिन्ह, यंत्राला एवढेंच सांगतें कीं हातचें लेखन पुरें कर आणि मग हिला जाऊं दे. कधीं यंत्र नकार देतें व साठवण कामांत आहे असें कळवितें. त्याचा अर्थ असा कीं काडीवरील एकादी फाइल कोठें तरी उघडी आहे, किंवा एकादी खिडकी अजून तिच्याच फोल्डरांत बसून आहे. ती मिटली म्हणजे वाट मोकळी होते. २००१ सालच्या ‘एक्स्ट३’पासून लिनक्सच्या मांडणींत प्रत्येक फेरफाराची आधीं रोजकीर्द लिहिली जाते, त्यामुळें मध्येंच घात झाला तरी मांडणी सांवरतां येते. पण बहुतेक काड्या ज्या फॅट पद्धतीच्या असतात तींत अशी रोजकीर्द नाहीं. म्हणजे जी वस्तु सर्वांत अधिक हाताळली जाते तीच सर्वांत अधिक नाजूक आहे.

हे नियम प्रयोगशाळेंतील पंडितांपुरतेच आहेत असें मात्र नव्हे. शिरूर गांवाला रेल्वे नाहीं. घोडनदीच्या कांठचा सर्व व्यवहार सडकेनें चालतो. त्याच तालुक्यांतील पाबळ या कोरडवाहू गांवीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचें काम सोडून ते तेथें आले, आणि हातानें काम करीत शिकावें हें तत्त्व त्यांनीं ग्रामीण मुलांच्या शिक्षणांत उतरविलें. अमेरिकेंतील एमआयटी संस्थेचे नील गर्शेनफेल्ड यांच्या ‘फॅब लॅब’ योजनेंतील परदेशांतली पहिली कार्यशाळा २००२ सालीं येथेंच निघाली. अशा कार्यशाळांत संगणकावरील आराखड्यावरून यंत्र लांकूड, प्लास्टिक किंवा तांब्याचा पत्रा कापतें. त्यांसाठीं एमआयटींत लिहिलेलीं साधनें लिनक्सवर चालत. ज्या आराखड्यावरून पत्रा कापावयाचा तो अर्धाच काडीवर उतरला असेल तर पत्राहि फुकट जातो आणि दिवसहि. रायगड जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांतील खैराट धनगरवाड्याच्या लहानशा शाळेंत २००७ सालीं मुलांना जे हिरवे-पांढरे संगणक मिळाले तेहि लिनक्सवरच चालत. त्यांत फिरती चकती मुळींच नव्हती; एक गिगाबाइट फ्लॅश स्मृति आणि यूएसबीच्या तीन खाचा त्यांत होत्या. आणि मुंबईच्या आयआयटींतून प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या देखरेखीखालीं निघालेल्या बोलक्या पाठांच्या मालेंत लिनक्सचे धडे मराठींतूनहि ऐकावयास मिळतात.

आतां बहुतेक लिनक्स यंत्रांवर काडी लावतांच ती आपोआप चढते, पडद्यावर तिचें चित्र येतें आणि कोणालाहि आज्ञा पाठ करावी लागत नाहीं. खुंटीवर रीळ चढविणाऱ्या चालकाचें जवळजवळ सर्व काम यंत्रानें आपल्याकडे घेतलें आहे. दोनच कामें त्यानें माणसाकडे ठेवलीं. पुसण्यापूर्वीं खूण नीट वाचणें हें एक, आणि उपटण्यापूर्वीं यंत्राला तसें सांगणें हें दुसरें. दोन्हींना मिळून एक मिनिटहि लागत नाहीं. घरांतील छायाचित्रें, मुलांचे अभ्यास, दुकानाचे हिशेब आणि शाळेचे तक्ते आतां याच काड्यांवर असतात. प्रत्येक काडीला एक लेबल द्यावें, महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत निराळ्या काडीवर ठेवावी, आणि दौंडच्या जाणत्या प्रवाशाप्रमाणें डब्यांत चढण्यापूर्वीं त्यावरचा अंक एकवार वाचून घ्यावा.